फॉर्मवरच्या त्या प्रश्नाला काय उत्तर देऊ?

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत राहणाऱ्या, तिशीच्या आतल्या तरुणाचं हे पत्र. तो तालमीच्या मंडळाचा कार्यकर्ता आहे. दरवर्षी २६ जूनला, शाहू जयंतीला, मंडळाचं रक्तदान शिबिर असतं आणि सगळी धावपळ त्याच्याकडे असते. त्याचा रक्तगट बी निगेटिव्ह. गावात कुणाला हा गट लागला की व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिलं नाव त्याचंच पडतं. तो समलिंगी आहे. चार वर्षांपासून एकच जोडीदार आहे, पण दोघांच्याही घरी हे माहीत नाही. गेल्या वर्षी फॉर्म वाटता वाटता त्याने तो पहिल्यांदा नीट वाचला. पुरुषाचे पुरुषाशी संबंध आहेत का, असा एक प्रश्न त्यात होता. ‘हो’ म्हणणाऱ्याचं रक्त कधीच घेत नाहीत, हे त्याला तेव्हा कळलं. त्या दिवशी ‘अँटिबायोटिक चालू आहे’ असं सांगून त्याने वेळ मारून नेली. जोडीदार म्हणतो, ‘तपासणी होतेच की. नाहीवर खूण कर आणि दे.’ पत्रलेखक विचारतो : खोटं लिहून रक्त देऊ, दरवर्षी नवी सबब सांगू, की मंडळात खरं सांगून टाकू? या चार वर्षांत ज्या पिशव्या दिल्या, त्या आठवून झोप लागत नाही, त्यांचं काय? पत्राची शेवटची ओळ अशी : ‘माझं रक्त खराब आहे का, एवढं तरी सांगा.’

प्रिय मित्र,

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. नाही, तुमचं रक्त खराब नाही. रक्तपेढी प्रत्येक पिशवी पाच आजारांसाठी तपासते : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. यातलं काही तुमच्या रक्तात आहे की नाही, हे तपासल्यावर कळतं. तुमचा जीव कुणावर जडलाय यावरून ते कळत नाही. नियम करणाऱ्यांचाही तसा दावा नाही. त्यांचं म्हणणं वेगळं आहे, त्याकडे येतेच.

आधी जुन्या पिशव्यांचं बघू, कारण झोप त्यांनी उडवलीय आणि हे काम आठवड्याभरात मिटण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये, आयसीटीसी हे एचआयव्ही तपासणी केंद्र आहे. तिथे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल परस्पर कुणाला सांगता येत नाही. सीपीआरच्या दारात पेठेतलं कुणीतरी भेटेल अशी धास्ती असेल, तर सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयात जा. आता हिशेब लक्षात घ्या. एचआयव्हीविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं एकदा आली की राहतात. म्हणजे आज चाचणी निगेटिव्ह आली, तर दोन किंवा तीन वर्षांपूर्वी तुम्ही दिलेल्या पिशवीतही एचआयव्ही नव्हता. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही त्याच खेपेला करून घ्या. बीची लस झाली नसेल तर तीही घेऊन टाका. एचआयव्हीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याच केंद्रातून एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रात पाठवतात आणि औषधं मोफत सुरू होतात. वेळेवर औषध घेणारी माणसं वर्षानुवर्षं धडधाकट जगतात. त्या वेळी जुन्या पिशव्यांबद्दल रक्तपेढीला कळवायचं, तेही केंद्रातल्या समुपदेशकाच्या मदतीने करता येतं. पण हे सगळं निकाल हातात आल्यावर. रात्री अंथरुणात पडून यातलं काहीच ठरत नाही.

आता नियमाकडे. २०१७ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) यांनी रक्तदाता निवडीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या बाराव्या कलमात एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचा धोका असलेल्यांची यादी आहे : ट्रान्सजेंडर व्यक्ती, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईने नशा करणारे आणि अनेक जोडीदार असलेले. एक्कावन्नाव्या कलमाने अशांना कायमचं वगळलंय. म्हणजे तो प्रश्न तुमच्या शिबिराला आलेल्या रक्तपेढीच्या मनातला नव्हता. तो दिल्लीतून आलेला आहे, आणि टेबलामागच्या डॉक्टरला त्यात फेरफार करायची मुभा नाही. त्यांच्यावर राग धरू नका.

सरकारच्या बाजूत तथ्य आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. नॅकोच्या २०१७ च्या आकडेवारीत सर्वसाधारण प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२२ टक्के होतं, आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये २.६९ टक्के. फरक मोठा आहे. दुसरं कारण विंडो पीरियडचं. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस विषाणू रक्तात असतो, पण चाचणीत सापडत नाही. नेहमीच्या एलायझा चाचणीत हा काळ काही आठवड्यांचा असतो. थेट विषाणूचाच माग काढणाऱ्या नॅट चाचणीत तो दहा-बारा दिवसांवर येतो, पण संपत नाही. आणि नॅट आपल्याकडे सक्तीची नाही, सगळ्या रक्तपेढ्यांमध्ये होतही नाही. तुमचा जोडीदार म्हणतो ‘तपासणी होतेच की’, तेव्हा तो अर्धंच बरोबर असतो. तपासणीच्या आधीची चाळणी म्हणजे तुमच्या हातातला तो फॉर्म.

तरीही हा नियम आहे तसा मला मान्य नाही. कारण त्या यादीतच दिसतं. स्त्रीशी संबंध असलेल्या पुरुषाचं वागणं मोजलं जातं. एक जोडीदार असेल तर चालेल, अनेक असतील तर नाही. तुमचं वागणं मात्र कुणी मोजतच नाही. चार वर्षं एकमेकांशी प्रामाणिक आहात, उद्या तपासण्याही कराल, याची नोंद करायला त्या फॉर्मवर रकानाच नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या बाबतीत तर वागण्याचा उल्लेखही नाही, नुसतं असणं पुरे. शिवाय २.६९ टक्के याचा अर्थ शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना एचआयव्ही नव्हता. त्या सत्त्याण्णवांना ओळखण्याचा रस्ता काढायचा सोडून सगळ्यांनाच आयुष्यभरासाठी बाहेर बसवलंय.

असा रस्ता काढता येतो, हे इतर देशांनी दाखवलंय. १९८३ मध्ये अमेरिकेत अशी बंदी सुरू झाली तेव्हा रक्तातला हा विषाणू शोधणारी चाचणीच नव्हती. ती १९८५ मध्ये आली. त्या वेळची भीती समजण्यासारखी आहे. पण ब्रिटनने १४ जून २०२१ ला, जागतिक रक्तदाता दिनी, प्रश्नच बदलले. आता तिथे स्त्री असो की पुरुष, प्रत्येकाला तेच विचारतात : गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार आला का, एकापेक्षा जास्त आहेत का, आणि संबंध कोणत्या प्रकारचे. जोखीम दिसली तर तीन महिने थांबायला सांगतात, मग तो कुणीही असो. कॅनडाने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये हाच मार्ग धरला. त्या नियमात तुमच्यासारखा माणूस रक्त देऊ शकतो आणि दर महिन्याला जोडीदार बदलणारा, बाईवर प्रेम करणारा माणूस थांबवला जाऊ शकतो. मला हे जास्त न्याय्य वाटतं, आणि जास्त सुरक्षितही.

फक्त त्या देशांचे प्रश्न उचलून आपल्या फॉर्मवर छापले की झालं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे प्रत्येक पिशवीची नॅट होते. आपल्याकडे मागणी करायची तर दोन्हींची करायला हवी : सगळ्यांना सारखे प्रश्न, आणि तालुक्याच्या गावातल्या पिशवीलाही चांगली चाचणी. दुसरी मागणी तर प्रत्येक रुग्णाच्या भल्याची आहे. ती करायला कुणी समलिंगी असायची गरज नाही.

न्यायालयात हा विषय गेलेला आहे. मणिपूरच्या ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या सांता खुराई यांनी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या कलमांना आव्हान दिलं. न्यायालयाने नोटीस काढली, पण स्थगिती दिली नाही. २०२३ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्र दिलं. रक्त घेणाऱ्याचा सुरक्षित रक्ताचा हक्क देणाऱ्याच्या इच्छेपेक्षा मोठा, असा त्याचा सूर होता. २०२५ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या खंडपीठाने सरकारला विचारलं की सगळ्या ट्रान्सजेंडर व्यक्तींना आपण धोकादायक ठरवतोय का, आणि सुरक्षितता राखून हा कलंक कसा टाळता येईल ते तज्ज्ञांना विचारा असं सुचवलं. तुमच्या मनात आलेला प्रश्न देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयातही विचारला गेलाय. तुम्ही एकटे नाही.

मग ‘नाही’वर खूण करायची का? करू नका, असंच मी सांगेन. नियमावर माझी श्रद्धा नाही हे वर लिहिलंच आहे. माझ्या डोळ्यांसमोर पिशवीच्या दुसऱ्या टोकाचं माणूस आहे. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, वर्षानुवर्षं. त्याची आई प्रत्येक पिशवीवर डोळे मिटून विश्वास ठेवते, दुसरा इलाजच नसतो तिला. २०२२ मध्ये नागपुरात अशा मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याची बातमी आली होती. त्याचा समलिंगी माणसांशी संबंध मी जोडत नाही, कुणीच जोडू नये. पण फॉर्म आणि चाचणी या दोनच गोष्टी त्या मुलाच्या आणि संसर्गाच्या मध्ये उभ्या असतात.

तुमच्या स्वतःच्या रक्ताबद्दल तुमचा अंदाज बरोबर असेलही. मी तर तो खराच धरते. पण ‘हा नियम माझ्यासाठी नाही, तपासणी होतेच की’ असं म्हणून खूण करणारे तुम्ही एकटे नसता. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आलेला, घरी बायको असलेला तुमच्याच मंडळातला एखादा पठ्ठ्याही हेच म्हणत असतो. शिबिर तुम्ही भरवता. फॉर्मवर सगळे खरं लिहितील या भरवशावर ते चालतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आता तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टीशी मी अडखळले ती सांगते. फॉर्मवर खोटं लिहिणं आणि मित्रांना कारण न सांगणं, या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच तागडीत टाकल्यात. म्हणून तुम्हाला वाटतंय की एकतर खोटारडं व्हायचं, नाहीतर मंडळाच्या कट्ट्यावर उभं राहून सगळं उघड करायचं. फॉर्मला तुम्ही खऱ्याचे देणेकरी आहात, कारण त्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे. फॉर्म न भरणं हाही खरेपणाच आहे. रक्त द्यायचंच नसेल तर तो भरायची सक्ती नाही. कट्ट्यावरच्या मित्रांना मात्र तुमच्या खाजगी आयुष्याचा हिशेब द्यायचं काही कारण नाही.

दरवर्षी नवी सबब काढू नका. अँटिबायोटिक, मग ताप, मग दातांचं काहीतरी. सबबी लक्षात ठेवाव्या लागतात आणि एक दिवस कुणीतरी मोजतं. एकदाच सांगून मोकळं व्हा : ‘मी आता रक्तदानाच्या नियमात बसत नाही. कायमचंच.’ यातला शब्दन् शब्द खरा आहे. ‘का रे भावा, काय झालं?’ हा प्रश्न येणारच. ‘आहे एक कारण, काळजीचं काही नाही’ एवढं म्हणा आणि पुढच्या कामाला लागा. फिट्स येणारे, हृदयविकाराचे, इन्शुलिन घेणारे, हिपॅटायटिस बी असलेले असे कितीतरी लोक रक्त देऊ शकत नाहीत. तुमच्या तालमीतही एखादा असेल आणि तोही दरवर्षी ‘आज उपवास आहे’ म्हणत असेल.

मंडळात खरं सांगायचं का, हा निर्णय शिबिराच्या गळ्यात बांधू नका. तो फार मोठा आहे. पेठेत सकाळी बोललेलं संध्याकाळी घरी पोचतं, आणि तुमच्यामागोमाग तुमच्या जोडीदाराचंही नाव निघेल. त्याला न विचारता ते ठरवायचा हक्क तुम्हाला नाही. घरातून बाहेर पडायची वेळ आलीच तर राहायला जागा आहे का, नोकरीवर परिणाम होईल का, हे आधी पाहा. सांगावंसंच वाटलं तर ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशा एकाच माणसाला सांगा, आणि रक्ताचा विषय निघालेला नसताना सांगा. बोलून बघायला त्रयस्थ माणूस हवा असेल तर पुण्याचा समपथिक ट्रस्ट आहे, बिंदुमाधव खिरे यांनी सुरू केलेला. नॅकोची १०९७ ही मोफत हेल्पलाइनही आहे, मराठीत बोलता येतं.

आता तुमच्या हातात जे खरोखर आहे त्याबद्दल. तुम्ही शिबिर भरवता, आणि शिबिरं कशी भरतात ते आपण दोघंही जाणतो. तालमीच्या हॉलमध्ये ओळीने टेबलं. नोंदणी, वजन आणि हिमोग्लोबिन, मग डॉक्टर. डॉक्टरांच्या टेबलाला टेकून रांगेतले तिघे-चौघे उभे, प्रत्येकाचा कान पुढच्याच्या उत्तराकडे. बाहेर स्पीकर. आणि दाराशी मंडळाचाच एक उत्साही कार्यकर्ता पेन घेऊन बसलेला, ‘हे सगळं नाही-नाही कर, खाली सही कर, चल पुढं’ म्हणत फॉर्मवर सटासट खुणा करून देतोय. त्या पेनाची मला त्या हॉलमधल्या बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त भीती वाटते. कावीळ झालेला, नुकताच टॅटू काढलेला, चुकून काही करून बसलेला, सगळे त्या पेनाखालून सारखेच निघून जातात.

यंदा ते पेन काढून घ्या. प्रत्येकाने फॉर्म स्वतः वाचायचा आणि स्वतः भरायचा, ज्याला वाचता येत नाही त्याला रक्तपेढीचा समुपदेशक वाचून दाखवील. डॉक्टरांचं टेबल आतल्या खोलीत हलवा. खोली नसेल तर मांडववाल्याकडून एक कनात घेऊन आडोसा करा आणि एका वेळी एकालाच आत सोडा. कुणी परत आला तर ‘का रे, काय निघालं?’ असं विचारायचं नाही, हे कार्यकर्त्यांना आदल्या दिवशीच बजावा. परत आलेल्यालाही चहा-बिस्किट तेच मिळू दे. हेल्मेट, टिफिन, बॅग अशा भेटवस्तू बंद करा. वस्तूच्या मोहाने माणूस लपवतो. पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात १९९८ पासून बंदी आहे ती याच कारणासाठी. बॅनरवर बाटल्यांचा आकडा लिहून विक्रम करायची हौसही सोडून द्या. आणखी एक, दात्यांना जाताना रक्तपेढीचा फोन नंबर द्या आणि सांगा की घरी जाऊन काही आठवलं, मनात शंका आली, तर फोन करून ‘माझी पिशवी वापरू नका’ एवढंच म्हणा, कारण सांगायची गरज नाही. रक्तपेढीशी हे आधी बोलून ठेवा.

इतर मंडळांच्या कार्यकर्त्यांनीही हे वाचावं म्हणून जरा सविस्तर लिहिलं. तुमच्या हॉलमध्ये तुमच्यासारखा आणखी एखादा असेलच. कनातीमुळे त्याची अब्रू वाचेल आणि रुग्णाचा जीवही.

उरला व्हॉट्सअॅपवरचा बी निगेटिव्ह. रात्री अकराला मेसेज येतो, ‘अर्जंट, अॅक्सिडेंट केस’, आणि सगळे तुमच्याकडे बघतात. इथे नाही म्हणणं सगळ्यात अवघड जाणार, मला कळतंय. म्हणून मेसेज यायच्या आधीच तयारी करा. आपल्याकडे निगेटिव्ह गटाची माणसं शंभरात साधारण पाचच, म्हणून शोधून ठेवावी लागतात. जिल्ह्यातल्या बी निगेटिव्ह आणि ओ निगेटिव्ह दात्यांची यादी करा. बी निगेटिव्ह रुग्णाला ओ निगेटिव्ह लाल पेशीही चालतात. कागलचा कोण, इचलकरंजीचा कोण, शेवटचं रक्त कधी दिलं, ते लिहून ठेवा, कारण पुरुषाने दोन रक्तदानांत किमान तीन महिने अंतर ठेवायचं असतं. सरकारच्या ई-रक्तकोष पोर्टलवर कोणत्या रक्तपेढीत कोणता गट शिल्लक आहे ते दिसतं, तेही बघायची सवय ठेवा. पुढच्या वेळी ग्रुपवर तुमचं नाव पडलं की दोन मिनिटांत तीन नंबर टाका. एरवी तुम्ही तीन महिन्यांतून एकदा एका रुग्णाच्या उपयोगी पडला असता. यादी रोज पडेल.

शेवटी तुमच्या जोडीदाराबद्दल, कारण ‘दे की’ म्हणणारा तोही बहुधा आपल्या ऑफिसच्या शिबिरात ‘नाही’वर खूण करतच असेल. त्याच्यावर चिडू नका, हे पत्रच त्याला वाचायला द्या. तपासणीला दोघं मिळून जा. आणि तुमच्यापैकी कुणी एचआयव्ही टाळण्यासाठीची प्रेपची गोळी घेत असेल, तर जगातल्या कुठल्याही देशात असलात तरी ती चालू असताना रक्त द्यायचं नाही. त्या औषधाने विषाणूचं प्रमाण इतकं दबू शकतं की चाचणीला तो सापडत नाही. हे त्याला आजच सांगा, शिबिराची वाट बघू नका.